दुकान आपलं, यादी कुणाची?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. छापताना थोडं आवरतं घेतलं आहे.)



संयोजकांचा निरोप होता, प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल वीस मिनिटं बोलायचं आणि ते शेवटच्या बाकावरच्यालाही कळलं पाहिजे. डॉक्टर मंडळींचं बरं असतं. त्यांनी 'रक्तदाब' म्हटलं की आपल्या वयाचं सभागृह सरसावून बसतं. मी संगणक अभियंता आहे आणि मला बोलायचंय ते एका बटणाबद्दल.

बटणाचं नाव 'एक्स्पोर्ट'. दुकानाच्या प्रोग्रॅममध्ये मालाची यादी असते. कोणती वस्तू, किती नग, काय भावाने घेतली, काय भावाने विकायची, कुठल्या कप्प्यात ठेवली. ही सगळी यादी एका एक्सेलच्या फाइलमध्ये उतरवून द्यायची, एवढंच त्या बटणाचं काम. आम्ही चार-पाच जण मिळून छोट्या दुकानदारांसाठी हे साधन बनवतो. माझी मुलगी विचारते, "आई, एवढंच?" हो, एवढंच. पण या एवढ्याशासाठी दुकानं अडून बसलेली मी पाहिली आहेत, म्हणून आज हाच विषय घेतला.

शिवाय आपल्या वर्गात दुकानदार कमी नाहीत. लक्ष्मी रोडला कपडे आहेत, बोहरी आळीत हार्डवेअर आहे, कोथरूडला औषधांचं दुकान आहे. दोन-तीन मैत्रिणी घरून साड्या आणि मसाले ऑनलाइन विकतात. जे काहीच विकत नाहीत त्यांच्याकडे सोसायटीचा हिशेब तरी असतोच. तेव्हा थोडं ऐकून घ्या.

आपल्या आजोबांच्या पिढीत दुकान म्हटलं की वह्या आल्या. कीर्द, खतावणी आणि साठ्याची वही. लक्ष्मीपूजनाला त्यांची पूजा व्हायची, पहिल्या पानावर 'श्री' लिहिलं जायचं. त्या वहीचा एक गुण तेव्हा कुणाच्या लक्षात येत नसे, कारण तो गृहीतच होता. वही दुकानदाराची असायची. दिवाणजी नोकरी सोडून गेले तरी वही दुकानातच राहायची. वही विकणाऱ्याने आपलं दुकान बंद केलं म्हणून तुमच्या वहीतली पानं कोरी होत नसत. आता साठ्याची वही प्रोग्रॅममध्ये गेली. प्रोग्रॅम कंपनीचा, बऱ्याचदा तो चालतो तो संगणकही कंपनीचा, आणि आपण दरवर्षी भाडं भरतो. सोय मोठी आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. माझं घर त्यावरच चालतं. प्रश्न फक्त एवढाच, की यादी आपल्याला हवी तेव्हा बाहेर काढता येते का?

एक उदाहरण सांगते. अप्पा बळवंत चौकाच्या जवळ, आतल्या गल्लीत, एक पुस्तकांचं दुकान आहे. मालक सत्तरी ओलांडलेले काका. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी एका छोट्या कंपनीकडून साठ्याचा प्रोग्रॅम करून घेतला. काका-काकूंनी रोज दुकान बंद झाल्यावर बसून एकेक पुस्तक त्यात भरलं. होता होता अकरा हजारांच्या आसपास नोंदी झाल्या. पुढे कंपनीने वार्षिक शुल्क वाढवलं, मग फोन उचलणं बंद केलं, मग कंपनीच बंद झाली. प्रोग्रॅम मात्र एका जुन्या संगणकावर चालत राहिला. त्याला एक्स्पोर्टचं बटण नव्हतं. यादी पडद्यावर बघायची, नाहीतर प्रिंटरवर छापायची.

काकू गेल्या. संगणकही धापा टाकायला लागला. मुलीला दुकान पुढे चालवायचं होतं आणि पुस्तकं ऑनलाइनही विकायची होती. त्यासाठी सगळ्यांना आधी लागते ती एक्सेलची फाइल. कुणी म्हणालं, पुन्हा टाइप करा. रोज शंभर पुस्तकं धरली तरी जवळजवळ चार महिने. आणि टाइप कशावरून करणार? निम्मी माहिती त्या संगणकाखेरीज कुठेच नव्हती.

आम्ही तो संगणक उघडला तेव्हा कळलं की प्रोग्रॅम फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला आहे. त्या काळातले असंख्य प्रोग्रॅम असेच होते. फॉक्सप्रोच्या फाइली आजही सहज उघडता येतात. तशा त्या उघडल्याही. सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या, आकडे शाबूत होते, पण पुस्तकांची नावं वाचता येत नव्हती. नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं यांची खिचडी.

कारण असं. युनिकोड सगळीकडे रुळण्याआधी मराठी टाइप करायला प्रत्येक कंपनीचे आपापले फाँट होते. आपल्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' तुमच्यापैकी ज्यांनी छपाईची कामं केली त्यांना आठवत असेल. या फाँटमध्ये आत साठवलेलं असायचं इंग्रजी चिन्ह, आणि फाँट त्याला मराठी मुखवटा चढवायचा. मुखवटा काढला की खाली भलतंच. गंमत अशी की याला पर्याय तेव्हाही होता. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकने 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे नेलं. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झालं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावर बेतलेली आहे. पण छापखान्यांत आणि दुकानांत चालले ते ज्याचे त्याचे फाँट.

इथे मराठीच्या बाईंची आठवण झाली, कारण खरी अडचण वेलांटीची होती. 'किती' या शब्दात पहिली वेलांटी कागदावर 'क'च्या आधी दिसते, पण उच्चारात ती 'क'च्या नंतर येते. जुने फाँट कागदावर दिसतं त्या क्रमाने साठवायचे, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतं. म्हणजे प्रत्येक पहिली वेलांटी उचलून पुढे न्यायची. रफार बरोबर उलटा. तो शेवटी दिसतो, पण 'सूर्य'मधला 'र' उच्चारात 'य'च्या आधी येतो. तो मागे आणायचा. जोडाक्षर आलं की वेलांटी एका नव्हे, दोन व्यंजनांपलीकडे जाते. हे सगळे नियम आम्ही एकेक करून लिहिले आणि हजारो नावं पुन्हा वाचता येण्याजोगी झाली. शुद्धलेखनाचा तास पंचवीस-तीस वर्षांनी असा उपयोगी पडला, बाई.

पुण्यात पेशवे दफ्तर आहे. तिथे मोडीतले कागद रुमालांत बांधून ठेवले आहेत. कागद आहेत, शाई आहे, पण मोडी वाचणारे मोजकेच. आपण त्याची हळहळ करतो. आपल्या दुकानांतल्या संगणकांत मात्र वीस-पंचवीस वर्षांत नवी मोडी तयार झाली, आणि ती वाचणारे मोडीवाल्यांहूनही कमी आहेत.

नावं तर वाचता आली. पुढचं विघ्न एक्सेलचंच होतं. एक्सेल हुशार आहे, आणि तीच भानगड आहे. त्याला न विचारता तो अर्थ लावतो.

पहिली गोष्ट, अक्षरं. यादी बहुधा सीएसव्ही नावाच्या साध्या फाइलमध्ये निघते. एक ओळ म्हणजे एक वस्तू, मध्ये स्वल्पविराम. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. फाइलच्या सुरुवातीला तशी खूण नसेल तर एक्सेल ते तीन बाइट तीन वेगळी चिन्हं समजतो आणि पडद्यावर डोक्यावर रेघ असलेले इंग्रजी 'ए' नाचायला लागतात. लोकांना वाटतं, यादी बिघडली. यादी ठीक असते, फक्त तीन बाइटची ती खूण सुरुवातीला घालायची राहिलेली असते. आमच्या साधनात ती आपोआप पडते.

दुसरी, आयएसबीएन. २००७ पासून हा क्रमांक तेरा आकडी आहे. आपल्याकडच्या पुस्तकांवर तो बहुधा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. एक्सेलला वाटतं ही एक प्रचंड मोठी संख्या आहे, म्हणून तो ती दशांश चिन्हाने आखूड करून दाखवतो, '९.७८ गुणिले दहाचा बारावा घात' अशा थाटात. तशीच फाइल सीएसव्ही म्हणून पुन्हा जतन केली की शेवटचे आकडे कायमचे गेले, आणि दुकानातल्या सगळ्या पुस्तकांचा क्रमांक जवळजवळ एकच झाला. म्हणून आम्ही एक्सेलची स्वतःची एक्सएलएसएक्स फाइलही देतो. तिच्यात 'हा रकाना मजकुराचा आहे, हात लावू नकोस' असं बजावता येतं. सीएसव्हीत ती सोय नाही.

गणिताचे सर इथे बसलेत, म्हणून आणखी एक सांगते. आयएसबीएनचा तेरावा आकडा तपासणीचा असतो. पहिल्या आकड्याला १ ने गुणा, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला पुन्हा १ ने, असं शेवटपर्यंत. बेरजेला १० ने निःशेष भाग गेला पाहिजे. नाही गेला तर टाइप करताना कुठेतरी आकडा चुकलाय. काकांच्या यादीतले बरेच चुकीचे क्रमांक या एका हिशेबाने सापडले. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच, त्यांना दुकानाचा स्वतःचा क्रमांक द्यावा लागतो.

तिसरी गोष्ट कपडेवाल्यांसाठी. लहान मुलांच्या फ्रॉकचा साइज '८-१०' लिहिला की एक्सेल त्याची तारीख करतो. '१०-१२'चीही तारीख होते. कप्पा क्रमांक '३-५' असला तरी तेच. शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. काही जनुकांची नावं इंग्रजी महिन्यांसारखी दिसायची आणि एक्सेल त्यांच्या तारखा करायचा. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने त्या जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलला ही खोड बंद करण्याची सोय नंतर, २०२३ मध्ये आली.

चौथी गोष्ट, ओळींची मर्यादा. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात, नव्या फाइलमध्ये १०,४८,५७६. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने जुनी फाइल वापरली, ती भरली, आणि कोविडचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून तात्पुरते गळाले. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेवर निरोप गेला नाही. म्हणून आमच्या फाइलच्या शेवटी आम्ही एकूण नोंदी आणि एकूण नग छापतो. पहिलं काम, प्रोग्रॅममधला आकडा आणि हा आकडा जुळतोय का ते बघणं. मुनीमजी पानाच्या तळाशी बेरीज मांडत, तेच.

आणि एक खास आपलं, अनुक्रम. संगणक नुसत्या युनिकोडच्या क्रमाने लावायला बसला तर 'ळ' हा 'ल'ला चिकटून येतो, 'क्ष' हा 'क'मध्ये आणि 'ज्ञ' हा 'ज'मध्ये शिरतो. आपण शिकलो तो क्रम वेगळा, ह, ळ, क्ष, ज्ञ. काका 'ज्ञानेश्वरी' यादीच्या शेवटी शोधत होते आणि ती मध्येच कुठेतरी होती. ते म्हणाले, "तुमच्या मशीनला बाराखडी येत नाही." आम्ही ती शिकवली.

आता त्या यादीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुन्या प्रोग्रॅममध्ये 'शेरा' नावाचा एक रकाना होता. काकूंनी तो मनापासून भरलेला होता. 'पान ४० ते ४८ नाही, ग्राहकाला आधी सांगणे.' 'ही जुनी आवृत्ती, नवीत प्रस्तावना गाळली आहे.' 'प्रकाशकाकडून परतीच्या बोलीवर, मार्चआधी परत.' ऑनलाइन विक्रीच्या नमुना फाइलमध्ये शेऱ्याला जागाच नव्हती. आमच्यातला एक तरुण सहकारी म्हणाला, हा रकाना सोडून देऊ. मुलगी म्हणाली, बाकी काही सोडा, हा नको. आम्ही तेव्हापासून नियमच केला. एक्स्पोर्ट म्हणजे सगळे रकाने. पुढे कोणते ठेवायचे ते ज्याचं दुकान त्याने ठरवावं. मग काका आणि मुलगी ती यादी छापून घेऊन कप्प्याकप्प्यांतून फिरले. यादीत होती पण कप्प्यात नव्हती अशी पुस्तकं निघाली, आणि उलटीही. ते काम संगणक करू शकत नाही, पण यादी हातात असल्याशिवाय ते माणसालाही करता येत नाही.

दुसरं उदाहरण आपल्यातल्याच एका मैत्रिणीचं, तिला विचारून सांगते. ती एका ऑनलाइन बाजारात साड्या विकायची. एक दिवस कुठल्याशा तक्रारीवरून तिचं खातं चौकशीपुरतं गोठवलं गेलं. चौकशीत काही निघालं नाही, खातं उघडलं. पण मधले पाच आठवडे, ऐन दिवाळीच्या तोंडावर, तिला तिची स्वतःचीच यादी दिसत नव्हती. चारशे साड्यांचे फोटो, वर्णनं, भाव, सगळं आत. साड्या तिच्या कपाटात होत्या, पण कोणती कितीला घेतली आणि कोणाला कबूल केली हे कुलपाआड. तिने बिलं आणि व्हॉट्सअॅपवरच्या गप्पा उपसून पुन्हा यादी बांधली. महिन्यातून एकदा फाइल उतरवून ठेवली असती तर दुसऱ्या दिवशी दुसरीकडे दुकान मांडता आलं असतं. मोठे ऑनलाइन बाजार विक्रेत्याला त्याच्या मालाची यादी उतरवून घेऊ देतात. अॅमेझॉनवर ती मजकुराच्या साध्या फाइलमध्ये मिळते. सोय असते, पण खातं उघडं असेपर्यंत.

तुम्ही म्हणाल, यावर कायदा नाही का? २०१९ च्या वैयक्तिक माहितीच्या विधेयकात आपली माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात तो राहिला नाही. आणि तो असता तरी माणसाच्या माहितीबद्दल होता, साड्यांच्या यादीबद्दल नव्हे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ओएनडीसीमागचा विचार मला पटतो. दुकानदाराने एका ठिकाणी यादी द्यावी आणि ती अनेक अॅपवर दिसावी, कुणा एकाच्या दावणीला बांधलं जाऊ नये. पण तिथेही आधी लागते ती नीट भरलेली, बाहेर काढता येणारी यादी.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जे बटण एका क्षणात सगळं दुकान फाइलमध्ये घालतं, ते सगळं दुकान पेनड्राइव्हवर घालून शेजारच्या स्पर्धकाकडेही नेऊ शकतं. खरेदीचा भाव, कोणता पुरवठादार किती सूट देतो, हे सगळं त्यात असतं. म्हणून आमच्या साधनात मालकाची यादी वेगळी आणि काउंटरवरच्या माणसाची वेगळी. खरेदीचा भाव मालकालाच निघतो. कुणी, कधी, किती नोंदी उतरवल्या याची नोंद राहते. गल्ल्याची किल्ली ज्याच्याकडे द्याल त्याच्याकडेच हे बटण द्या.

आता करायचं काय, ते मोजक्या शब्दांत.

उद्या दुकानात गेलात की प्रोग्रॅम देणाऱ्याला विचारा, "माझी सगळी यादी, सगळ्या रकान्यांसह, मला एक्सेलमध्ये मिळेल का?" 'मिळेल' म्हणाला तर समोर काढून दाखवायला सांगा. 'पैसे पडतील' म्हणाला तर आजच किती ते लेखी घ्या. 'कशाला हवी?' म्हणाला तर समजा, ती नक्की हवी.

नवा प्रोग्रॅम घेताना आधी दहा-वीस वस्तू भरून यादी बाहेर काढून बघा. त्यात एक मराठी नाव, एक '८-१०' साइज, एक तेरा आकडी क्रमांक आणि एक स्वल्पविराम असलेलं नाव मुद्दाम घाला. चारही जसेच्या तसे आले तर पुढचं बोलणं करा.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फाइल उतरवा आणि नावात तारीख घाला. साठ्याची यादी म्हणजे त्या क्षणाचा फोटो असतो, तारीख नसेल तर त्याचा उपयोग नाही. ३१ मार्चची फाइल वेगळी जपा, हिशेबनीस मागतोच.

आणि एक प्रत दुकानाबाहेर ठेवा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. त्या दिवसाच्या आठवणी आपण सगळ्यांनी घरी ऐकल्या आहेत. वह्यांची दुसरी प्रत तेव्हा कुणाकडे असणार? हाताने सगळं पुन्हा लिहावं लागलं असतं. आज ते काम दोन मिनिटांचं आहे, तरी बहुतेक दुकानांत एकच प्रत असते आणि ती त्याच टेबलाखालच्या संगणकात असते.

ज्यांच्याकडे जुन्या फाँटमधल्या याद्या, सोसायटीची किंवा मंडळाची दफ्तरं अडकून पडली असतील त्यांनी मला जरूर सांगा. आपल्या शाळेच्या वाचनालयाची यादीही अशाच जुन्या फाँटमध्ये आहे असं मुख्याध्यापिका बाईंकडून आत्ताच कळलं. ते काम आमची मंडळी करून देतील, शाळेकडून काही न घेता. फक्त कपाटातली पुस्तकं यादीशी ताडून बघायला माणसं लागतील. त्यासाठी निवृत्त झालेल्यांनी आणि होऊ घातलेल्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नावं द्यावीत. वही मी आणली आहे, कागदाची.